दर पावसाळ्यात फरशीला येणारी ओल: कारण कसं ओळखायचं आणि कोणता थर कुठे घालायचा

फरशी बदलली, सांधे परत भरले, वरून केमिकल मारून झालं, तरी मृग लागला की फरशी पुन्हा ओली. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या तळमजल्याच्या घरांत हे गाऱ्हाणं दरवर्षीचं आहे. कुठे सांध्यांतून पांढरी पूड वर येते, कुठे हौसेने घातलेलं लॅमिनेट सांध्यापाशी फुगतं, कुठे कपाटामागे बुरशीचा वास धरतो. दसऱ्यापर्यंत सगळं वाळतं, दिवाळीला रंग दिला जातो आणि विषय मागे पडतो तो पुढच्या जूनपर्यंत.

घरांच्या ओलीची कामं मी बरीच वर्षं बघतोय. दोन-तीनदा खर्च करूनही जिथे ओल थांबत नाही, तिथे बहुतेक वेळा एकच गोष्ट आढळते: पाणी कुठल्या वाटेने येतंय हे न बघताच थर निवडलेला असतो. दुकानात जाऊन "ओलीसाठी काहीतरी द्या" म्हटलं की डबा मिळतो. डबा वाईट नसतो, पण तो असतो गच्चीसाठी किंवा बाहेरच्या भिंतीसाठी, आणि आपली ओल येत असते जमिनीतून. म्हणून सामानाच्या यादीआधी तपासणीवर थोडं सविस्तर लिहितो.

जमीन आणि पाणी

आपल्या भागात तीस-चाळीस किलोमीटरमध्ये जमीन पार बदलते. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीपासून जांबोटी, खानापूरपर्यंत धो धो पाऊस, लाल माती आणि जांभा. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि उताराने घराच्या पायाखालून वाहत राहतं. बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात काळी, पाणी धरून ठेवणारी माती, त्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरतं. पूर्वेला अथणी, रायबागकडे पाऊस कमी, पण काळी चिकण जमीन तीच.

मातीचे कण जितके बारीक, तितकं पाणी तिच्यातून उंच चढतं. कंदिलाच्या वातीतून तेल चढतं तसंच हे. चिकण मातीत पाणी कित्येक फूट वर येऊ शकतं, जाड खडीत जवळजवळ चढतच नाही, कारण मधल्या पोकळ्या मोठ्या असतात. जुलैच्या शेवटी गल्लीतली विहीर काठाजवळ आली की घराखालची मातीही भिजलेली आहे असं समजा.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. विहीर खोल गेली तरी काँक्रीटखालच्या मातीतल्या हवेत दमटपणा जवळजवळ पूर्ण असतो. पाणी चढलं नाही तरी वाफ वर येत राहते. शहाबादी फरशीच्या उघड्या सांध्यांतून ती निघून जाते आणि आपल्याला कळतही नाही. त्याच फरशीवर व्हिनाइल किंवा लॅमिनेट अंथरलं की वाफेची वाट बंद होते आणि ती खालीच थिजते. "इतकी वर्षं ओल नव्हती, नवीन फ्लोअरिंग केल्यावर आली" असं अथणीकडचा माणूस सांगतो तेव्हा तो खरंच सांगत असतो. ओल आधीही होती, आता ती अडकली.

आधी हे तपासा

फरशीवर पाणी दिसण्याची चार कारणं असतात आणि चौघांवर उपाय वेगळे.

पहिलं, हवेतलं पाणी. मेच्या उन्हानंतर पहिले जोरदार पाऊस पडले की हवा एकदम दमट होते आणि तळमजल्याची फरशी मात्र गार असते. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो. फरशी त्याहून गार असली की तिच्यावर दव धरतं. अशा वेळी सगळी खोली एकसारखी ओलसर होते, गुळगुळीत टाइल्स जास्त, पंखा लावला की तासाभरात कमी होते. फरशीखाली कितीही भारी कागद (म्हणजे प्लॅस्टिकची फिल्म) घातला तरी हे थांबत नाही. वारा खेळता ठेवणं, दमट दिवशी पाण्याने फरशी न पुसणं, स्वयंपाकाची वाफ बाहेर काढणं, एवढंच याला लागतं.

दुसरं, नळाचं किंवा मोरीचं पाणी. मार्च-एप्रिलमध्येही जी ओल जात नाही ती पावसाची नव्हे. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी बघा. आकडा सरकला असेल तर पाइप गळतोय. आकडा जागचा हलला नाही पण ओल बाथरूमच्या भिंतीलगतच आहे, तर बाथरूमच्या फरशीचे सांधे, जाळी आणि सांडपाण्याचा पाइप बघायचा. तो दुरुस्त करायच्या आधी खोलीची फरशी उचलून काहीच साधत नाही.

तिसरं, बाजूने येणारं पाणी. मुसळधार झड लागल्यावर काही तासांत बाहेरच्या भिंतीलगत फूट-दोन फूट पट्टा ओला होतो आणि उघडीप मिळाली की लवकर वाळतो. हे पाणी जोत्याबाहेर साचतं आणि आत शिरतं.

चौथं, जमिनीतून चढणारी ओल. ती सावकाश येते. जुलैच्या मध्यापासून दिसू लागते, खोलीच्या मध्यावरही असते आणि पाऊस थांबला तरी ऑक्टोबरपर्यंत रेंगाळते. पांढरी पूड, म्हणजे लोणा, बहुतेक हिच्यासोबत येतो, कारण चढणारं पाणी मातीतले आणि सिमेंटमधले क्षार वर आणतं आणि वाळताना ते मागे ठेवून जातं.

पहिलं आणि चौथं कारण यांच्यात गफलत फार होते. त्यासाठी सोपी चाचणी आहे, अमेरिकेच्या एएसटीएम डी ४२६३ या मानकात ती दिली आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या. मानकात किमान १६ तास सांगितले आहेत. मी दोन दिवस ठेवायला सांगतो. पाणी प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला जमलं तर ते हवेतलं. खालच्या अंगाला थेंब धरले किंवा फरशी काळपट पडली तर ते जमिनीतलं.

यात दोन पथ्यं आहेत. व्हिट्रिफाइड टाइलमधून पाणी जवळजवळ येतच नाही, ते सांध्यातून येतं, म्हणून तुकडा चार टाइल्स जिथे मिळतात त्या चौकावर लावा. आणि ही चाचणी जुलै-ऑगस्टमध्येच करा. एप्रिलमध्ये केली तर कोरडी येईल आणि तुम्ही निर्धास्त होऊन लॅमिनेटची ऑर्डर द्याल.

घराबाहेरचं आधी

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत रस्ता दर खेपेला वर येत गेला आणि घराचं जोतं तिथेच राहिलं. काही घरांत आता रस्त्यावरून एक पायरी खाली उतरावं लागतं. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट उंच हवं. ते आता कमी पडत असेल तर आतल्या थरावर ताण येणारच.

जोतं उचलता येत नाही, पण पाणी लांब नेता येतं. भिंतीला लागून अडीच-तीन फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पागोळ्यांचं पाणी पन्हळ लावून पाइपाने गटारात. भिंतीला टेकलेली माती, फुलझाडांचे वाफे आणि रचून ठेवलेल्या विटा हलवणं. मागच्या बाजूने उतार घराकडे येत असेल, जसं खानापूरकडच्या डोंगरउतारावरच्या घरांत असतं, तर त्या अंगाला फरशीच्या पातळीपेक्षा खोल चर काढून त्यात जाड खडी आणि भोकं असलेला पाइप घालून पाणी बाजूला काढायचं. तिसऱ्या प्रकारची ओल बऱ्याच घरांत एवढ्यानेच थांबते.

फरशी उचलणार असाल किंवा नवीन बांधत असाल

चढणाऱ्या ओलीवर खरा इलाज फरशीच्या खालीच होतो. इथे पैसे कमी लागतात, लक्ष जास्त लागतं.

वडगावात विणकरांच्या वस्तीतल्या एका घरी फरशी नवी करून दोन पावसाळे झाले होते आणि चारही भिंतींलगत पुन्हा ओल होती. घरमालक काकांचं म्हणणं ठाम, "कागद घातलाय की ओ, मी स्वतः उभा होतो." कोपऱ्यातली एक टाइल उचलली. खालचा मसाला काळा, हाताला गार. मसाला खरवडून काढला तर कागद होता, चांगला जाडही होता. पण भिंतीपासून चार बोटं अलीकडेच तो कापलेला, आणि कड आत दुमडलेली. भिंतीच्या कडेने तेवढाच पट्टा ओला. आणखी आत बघितलं तर घमेल्याची कड बसून कागदाला चिरा पडलेल्या, आणि नेमकं तिथेच टाइलच्या सांध्यात पांढरी पूड. कागद होता तिथे मसाला कोरडा, नव्हता तिथे ओला, इतकं ते स्पष्ट दिसत होतं.

थर कुठलाही घ्या, तो सलग असला पाहिजे आणि त्याची कड भिंतीतल्या डीपीसीला, म्हणजे जोत्याच्या पातळीला ओल अडवायला घातलेल्या थराला, जाऊन भिडली पाहिजे.

खालून वर क्रम असा. मुरूम भरून पाणी मारत धुमसाने नीट बसवायचा. त्यावर सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, किंवा चार-सहा इंच जाड खडी, बारीक भुकटी नसलेली. भुकटी मिसळलेली खडी स्वस्त पडते, पण तिच्यातून पाणी चढतं, मग खडी घालण्याचा अर्थच जातो. सोलिंगचे दगड टोकदार असतात म्हणून वर दोन इंच वाळू किंवा पातळ पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट) घालून पृष्ठभाग सपाट करायचा. वाळवीचं औषध मारायचं असेल (आयएस ६३१३ या भारतीय मानकात त्याची पद्धत आहे) तर ते मातीला, कागदाच्या आधी. खानापूरच्या लाल मातीत हे टाळू नका. मग कागद, आणि त्यावर काँक्रीट.

कागद कोणता? साधा पॉलिथिन, २५० मायक्रॉन, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत १००० गेज. पातळात पातळ म्हटलं तर १५० मायक्रॉन, पण सोलिंगवर मजूर चालणार असतील तर तो टिकत नाही. एलडीपीई फिल्मसाठी आयएस २५०८ हे मानक आहे, त्याची खूण बघून घ्या. पुन्हा वितळवून केलेला काळा कागद जाड दिसतो, पण त्यात टाचणीएवढी छिद्रं असतात. उन्हाकडे धरून बघितलं की ती चमकतात.

जाडी दुकानात मोजता येत नाही, वजन करता येतं. पॉलिथिनच्या घनतेचा हिशेब धरला तर २५० मायक्रॉनचा एक चौरस मीटर कागद २३० ग्रॅमच्या आसपास भरतो. चार मीटर लांब, पाच मीटर रुंद खोलीचा तुकडा म्हणजे साडेचार किलोच्या थोडं वर. काट्यावर तीन किलो भरला तर तो २५० नव्हे, एवढं सरळ आहे.

घरात पडलेली ताडपत्री वापरू का, असं पुष्कळ जण विचारतात. विणलेल्या ताडपत्रीवरचा प्लॅस्टिकचा लेप फार पातळ असतो, घडीवर तुटतो, आणि कडेला टाके नि कड्या असतात. खताच्या पोत्यातल्या पिशव्या फाडून जोडणं तर सोडूनच द्या. मात्र कृषी होंडासाठी, म्हणजे शेततळ्यासाठी, आणलेला ५०० मायक्रॉनचा कागद उरला असेल तर तो उत्तम चालतो. तो ताठ असल्याने कोपऱ्यात दुमडायला त्रास देतो. आधी उन्हात थोडा वेळ अंथरून नरम करून घ्या.

जोड किमान सहा इंचांचा, आणि तो ब्युटिल किंवा बिटुमेनच्या चिकट पट्टीने बंद करायचा. पॅकिंगची खाकी पट्टी ओल्यात सुटते. मोरीचा पाइप, विजेचा कंड्युट जिथे वर येतो तिथे कागदाला फुलीसारखा छेद देऊन पाइपाभोवती पट्टी गुंडाळायची. भिंतीपाशी कागद तयार फरशीच्या पातळीपर्यंत वर घ्यायचा आणि डीपीसीवर चढवायचा. नवीन घरात डीपीसी म्हणजे जोत्याच्या पातळीला दीड-दोन इंच जाड १:२:४ काँक्रीट, त्यात आयएस २६४५ च्या खुणेचं वॉटरप्रूफिंग कंपाऊंड डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि वर बिटुमेनचा हात. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत असेल तर हे अजिबात सोडू नका, कारण चिरा फार पाणी पितो.

कागद अंथरला त्याच दिवशी काँक्रीट पडलं पाहिजे. रात्रभर उघडा राहिला तर सकाळी त्यावर पायांचे ठसे, सळईचे तुकडे आणि कुत्र्याच्या नखांच्या खुणा मिळतात. घमेलं टेकवायला फळी ठेवा. आणखी एक: खाली प्लॅस्टिक असलं की काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी खाली जिरत नाही, सगळं वर येतं. म्हणून माल कोरडसर मागा. मिस्त्री "पातळ असलं की पसरतंय चांगलं" म्हणतील, पण पातळ मालाचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि कडा वर उचलतात.

जुन्या घरात फरशी उचलल्यावर खालचा पीसीसी धड निघाला तर तो फोडू नका. खड्डे भरून, घासून त्याच्यावरच कागद घालता येतो. त्यावरचा थर खाली चिकटलेला नसतो, सुटा बसतो, म्हणून तो किमान दोन इंच, जमलं तर अडीच इंच जाड हवा. याने फरशी वर येते. दारं घासतील, उंबरा बुडेल, स्वयंपाकाचा ओटा बुटका वाटेल. हे काम सुरू व्हायच्या आधी फूटपट्टी लावून घरच्यांना दाखवावं, नाहीतर टाइल बसल्यावर घरात वाद होतात.

फरशी उचलणं शक्य नसेल तर

माल भरलेला आहे, घरात आजारी माणूस आहे, पैसे आत्ता नाहीत, अशा वेळी वरून काय करता येईल?

टाइलवरून किंवा सांध्यांवरून सीलर मारणं हा उपाय म्हणून मी सुचवत नाही. वाफ आणि क्षार खालून येत राहतात, लेपाखाली जमतात आणि त्याला ढकलून काढतात. पहिला पावसाळा बरा जातो, दुसऱ्याला पापुद्रे.

टाइल निघाली आहे पण जाडी वाढवता येत नाही, अशा ठिकाणी काँक्रीटवर दोन घटकांचा इपॉक्सी लेप चालतो. ओल्या काँक्रीटला चालणारा, ओलीचा अडथळा म्हणून बनवलेला प्रकार मागा, भिंतीचा इपॉक्सी रंग नको. पृष्ठभाग मशीनने घासून जुना मसाला, तेल, लोणा काढायचा, धूळ व्हॅक्यूमने ओढायची. पहिला हात उभा, दुसरा आडवा, आणि दुसरा ओला असतानाच त्यावर कोरडी क्वार्ट्झ वाळू भुरभुरायची म्हणजे टाइलचा मसाला धरतो. लेप भिंतीवर चार इंच चढवा. घासण्याचं काम टाळलं तर सगळा खर्च वाया.

पावडर आणि दूध अशा दोन डब्यांतून येणारं सिमेंट-पॉलिमर कोटिंग बेळगावात सगळीकडे मिळतं आणि गवंड्यांच्या हातातलं आहे. बाथरूम, गच्ची, पाण्याची टाकी यांना ते छान. ते पाणी अडवतं, वाफ मात्र बऱ्याच प्रमाणात जाऊ देतं. वर टाइल असेल तर चालून जाईल. वर लॅमिनेट किंवा लाकूड असेल तर पुरत नाही. बिटुमेनचं उलट आहे, वाफही चांगली अडवतं, पण त्याला टाइलचा मसाला चिकटत नाही, वर सुटा काँक्रीटचा थर लागतो.

लॅमिनेट, एसपीसी, लाकूड

लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा. तो एकदा फुगला की परत बसत नाही, म्हणून इथे चुकीला माफी कमी. सोबत मिळणारा दोन-तीन मिलिमीटरचा पांढरा फोम हा ओलीचा थर नव्हे, तो पावलांचा आवाज आणि उंचसखलपणा सांभाळतो. त्याच्या खाली २०० मायक्रॉनचा सलग कागद वेगळा घाला, जोड आठ इंचांचा आणि पट्टीने बंद, कड भिंतीवर दोन इंच वर. स्कर्टिंग बसल्यावर उरलेलं कापून टाका. फोमला आधीच फिल्म चिकटलेली असेल तर तिचा जोड पट्टीने बंद होतोय का तेवढं बघा. भिंतीपासून दहा मिलिमीटर फट सोडायची आणि स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, लॅमिनेटला नाही.

नवीन काँक्रीट असेल तर थांबा. दर इंच जाडीला साधारण एक महिना वाळायला लागतो असा ठोकताळा आहे, तोही कोरड्या हवेत. चार इंचांचा थर मेमध्ये टाकून ऑगस्टमध्ये लॅमिनेट घालायचं ठरवलं असेल तर आपल्या पावसात तो वाळलेला नसतो.

एसपीसीचा गाभा प्लॅस्टिक आणि चुनखडीच्या भुकटीचा, तो फुगत नाही, आणि दुकानात "पाण्याला काही होत नाही" हे खरंच सांगतात. पट्टीला काही होत नाही. खाली मात्र ओल आणि क्षार साठतात, कुबट वास येतो आणि लाकडी स्कर्टिंग व दाराची चौकट ती ओल ओढून घेते. कागद इथेही लागतो.

खरं लाकूड बसवायचं असेल तर लाकडाचे गठ्ठे त्याच खोलीत उघडून काही दिवस ठेवा, आणि ओलावा मोजायचं यंत्र असलेला सुतारच बोलवा. लाकूड आणि खालचा प्लाय यांच्या ओलाव्यात अरुंद पट्टीसाठी ४ टक्के आणि तीन इंच किंवा त्याहून रुंद फळीसाठी २ टक्के, यापेक्षा जास्त फरक नको. प्लायच्या खाली एक आणि वर दुसरा असे दोन प्लॅस्टिकचे थर कधी घालू नका. मध्ये अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि प्लाय तिथेच कुजतो.

मातीच्या आणि चुन्याच्या जुन्या घरांसाठी

शहापूरच्या गल्ल्यांत, नंदगड, उचगावसारख्या गावांत माती-चुन्याच्या भिंतींची घरं अजून उभी आहेत. त्यांना डीपीसी नाही. शेणाने सारवलेली जमीन किंवा चुन्यात बसवलेली शहाबादी ओल घेत होती आणि सोडतही होती, घर त्यावर पिढ्यान् पिढ्या टिकलं. अशा घरात प्लॅस्टिक आणि व्हिट्रिफाइड टाइल घातली की मधून बाहेर पडणारी सगळी ओल कडेला सरकते आणि भिंतीत चढते. दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीचा खालचा गिलावा फुगून पडतो. मग त्यावर सिमेंटचा गिलावा केला जातो आणि ओल आणखी वर चढते. चांगली घरं यात खराब होताना बघून वाईट वाटतं, कारण कुटुंबाने पोटाला चिमटा काढून तो खर्च केलेला असतो.

अशा घरात बाहेरचं पाणी तोडा, खाली जाड खडीचा थर भरा, वर चुन्याचा थर आणि शहाबादी किंवा कडप्पा, सांधे चुन्याचे. भिंतीला चुन्याचाच गिलावा. पक्क्या विटांची भिंत असेल तर जोत्यालगतच्या मसाल्याच्या सांध्यात चार-पाच इंचांवर १२ मिलिमीटरची छिद्रं पाडून सिलेनचं (पाणी झिडकारणाऱ्या रसायनाचं) क्रीम भरतात, त्याने भिंतीतली चढण तुटते आणि मग फरशीखाली कागद घालायला हरकत नाही. मातीच्या भिंतीला हे करू नका.

विणकरांच्या घरात खड्डा माग, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग, असेल तर खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना वेगळा विचार करावा लागतो, कारण तो फरशीपेक्षा खोल असतो आणि पाणी आधी तिथे येतं. खोलीच्या कागदाला खड्ड्यासाठी भोक पाडून सोडून दिलं की सगळी मेहनत तिथून वाहून जाते. खड्ड्याला आतून टाकीसारखं काँक्रीट आणि कोटिंग करून त्याची वरची कड खोलीच्या कागदाशी जोडावी.

या पावसाळ्यापुरतं

पावसात फरशी उचलून काही होत नाही, पीसीसी वाळत नाही आणि पट्टी चिकटत नाही. काम जानेवारी ते मध्य एप्रिल यात धरा, वळवाच्या आधी. तोपर्यंत ओल्या जागेवरचे गालिचे, रबरी चटया, फोमच्या गाद्या उचला. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खाली विटेचे किंवा प्लॅस्टिकचे पाय द्या. धान्याची पोती फळीवर ठेवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो. लॅमिनेट फुगू लागलं असेल तर त्या कडेचं स्कर्टिंग काढून ठेवा म्हणजे ओल कोंडणार नाही.

आणि ऑगस्टमध्ये, विहिरी सगळ्यात भरलेल्या असतात तेव्हा, ओलीची हद्द कुठपर्यंत आली आहे त्याचे फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून, तारखेसह. प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या चाचणीचेही काढा. मार्चमध्ये मिस्त्री घरात येतील तेव्हा फरशी खडखडीत कोरडी असेल आणि ते म्हणतील, "कुठं हाय ओ ओल?" तेव्हा हे फोटो दाखवून कागद कुठल्या भिंतीला किती वर घ्यायचा ते जागेवरच ठरवता येईल.